एक हात संध्याकाळ

मंगळवार, ६ नोव्हेंबर. संध्याकाळचे पाच बेचाळीस.
कार्यशाळेत, खिडकीजवळच्या टेबलाशी. हात तिसऱ्यांदा धुऊन पुसत होतो.

ती. सौ. ताईस धाकट्याचा सा. न. वि. वि., त्यातला न. नेहमीपेक्षा चार बोटं जास्त वाकून.

पत्रास कारण असं, की माझ्या हातून एक संध्याकाळ पुसली गेली आहे. बसून वाच. भट्टीजवळ उभी राहून वाचू नकोस आणि बाबांना ऐकू जाईल असं तर मुळीच वाचू नकोस.

बाबांच्या स्टुलासमोरचं रस्त्याचं चित्र तू विसरली नसशील. अठ्ठावीस वर्षं त्यांनी संग्रहालयातल्या त्या दालनाचा पहारा केला आणि सुट्टीत आपण दोघं त्यांचा डबा घेऊन तिथेच जायचो. एकोणिसाव्या शतकातलं, ज्याची सही वाचता येत नाही अशा चित्रकाराचं. ओला रस्ता, दोन्ही बाजूंना उंच घरं, वर मधासारखं आभाळ, एका खिडकीत दिवा, आणि मधोमध आपल्याकडे पाठ करून चाललेला काळ्या कोटातला माणूस. बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, की हा गृहस्थ काम आटोपून घरी निघाला आहे, अजून तीन घरं गेली की त्याचं घर, आणि दिवा लावून बसली आहे ती त्याची बायको. आपल्याला तर त्यांनी त्याच्या डब्यात काय उरलं असेल तेही सांगितलं होतं.

ते चित्र महिन्यापूर्वी संग्रहालयाच्या आमच्या कार्यशाळेत साफ करायला आलं. त्याच्यावरचं वॉर्निश जुनं झालं आहे. (हा शब्द आमच्या कार्यशाळेच्या प्रमुख बाई तीन प्रकारे लिहितात. मी एकाच प्रकारे लिहितो.) बाईंनी एका कोपऱ्यात टपाल-तिकिटाएवढा तुकडा साफ करून पाहिला आणि पंधरा दिवसांसाठी परगावी शिकवायला गेल्या. जाताना माझ्यासाठी चिठ्ठी ठेवली, की डावीकडचा कोपरा एक हात साफ करून ठेव.

आता एक हात म्हणजे किती, हे नववीतून शाळा सुटलेल्या माणसालाही कोणी सांगायला नको. दोन वीत म्हणजे एक हात. गणितात मला मिळालेले बहुतेक गुण त्याच पानावरचे. माझा स्वतःचा हात कोपरापासून मधल्या बोटापर्यंत साडेसतरा इंच भरला. पुस्तकातला अठरा. मी पुस्तकाचा मान राखला. अठरा इंच आडवे आणि अठरा उभे असा दोऱ्याने चौकोन आखला, आणि बाईंच्या बाटलीतलं औषध कापसाच्या बोळ्यांना लावून तीन दिवसांत तो साफ केला. बोळे दोनशे शहाऐंशी लागले. मोजून बरणीत ठेवले आहेत.

चित्र मुळात तीस इंच रुंद आणि बावीस इंच उंच आहे.

काल दुपारी शेजारच्या खोलीतले चौकटवाले काका चहाला बोलवायला आले. मी चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, अरे मोजपट्टी, आमच्या कामात एक हात म्हणजे एकदा वरवर फिरवणं, रंगाचा पहिला हात म्हणतात ना, तसं. बाईंना कोपऱ्यावरची धूळ ओल्या कापसाने एकदा टिपायला हवी होती. हे सांगताना ते इतके हसले की त्यांना बसावं लागलं. मग त्यांनी चित्राकडे पाहिलं आणि हसायचे थांबले. मला हसण्यापेक्षा त्या थांबण्याची भीती वाटली.

कारण डाव्या बाजूला आता संध्याकाळ नाही. मध गेला. खाली करडं-निळं, थंडगार काहीतरी निघालं आहे. उजवीकडे संध्याकाळ जिथल्या तिथे आहे, आणि खाली चार इंचांची पट्टीही पिवळीच. तो कोटवाला बरोबर हद्दीवर सापडला आहे. त्याचा डावा खांदा एका वेळेत आणि उजवा दुसऱ्या. काका म्हणाले, पिवळा रंग वॉर्निशचा असेल तर तू वाचलास, आणि चित्रकाराने स्वतः लावलेला असेल तर... त्यांनी वाक्य पुरं केलं नाही, चहा पुरा केला.

बाई शुक्रवारी, सोळा तारखेला येणार. ही नोकरी मला बाबांच्या शब्दावर मिळाली, आणि मी बाबांचंच चित्र निम्मं पुसून बसलो. काम हाताबाहेर गेलं म्हणतात, ते मोजून अठरा इंच गेलं. राजीनाम्याचा मसुदा तयार आहे. त्यातला जी दीर्घच ना, तेवढं उलट टपाली कळव.

माझ्यावरचा लोभ आहे तेवढा राहू दे. त्याला मी हात लावणार नाही.
तुझा
धाकटा


शुक्रवार, ९ नोव्हेंबर

चि. मोजपट्टीस अ. उ. आ.

जी दीर्घ आहे, आणि मसुदा फाडून टाक.

तुझं पत्र मी बसूनच वाचलं, पण पिठाच्या पोत्यावर बसून, आणि इतकी हसले की दुकानातली गिऱ्हाइकं आत डोकावली. तुझे भाऊजी काय झालं म्हणून विचारायला आले. सांगितलं तर म्हणाले, तुझ्या भावाला चिमूटभर मीठ आणायला सांगू नकोस, चिमूट कोणाची ते विचारत बसेल.

पण गंमत इथे संपते. बाबांना अक्षर दिसत नाही, म्हणून तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवते. या वेळी सगळं क्षेम आहे एवढंच वाचलं आणि हवापाण्याची दोन वाक्यं मनाची घातली. ते म्हणाले, क्षेम आहे म्हणून कोणी पोत्यावरून पडेस्तोवर हसत नाही, खरं काय ते वाच. मग वाचलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. जेवण अर्धं ठेवलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवून बसले. त्या कोटवाल्या माणसाबद्दल तरी विचारतील म्हणून मी दोनदा विषय काढला. म्हणाले, तो गेला आता.

डोळ्यांचंही तेच रडगाणं. डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडचा मोतीबिंदू पिकला आहे, एकेक करून काढून टाकू. बाबा म्हणाले, पिकायला ते काय फळ आहे, आणि मला छान दिसतंय, उलट हल्ली सगळंच जरा सोनेरी दिसतंय.

तुझ्यासाठी दोन गोष्टी. बाई आल्या की त्यांना दारातच सांग, त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत. तू चांगली वेळ शोधत बसलास तर तुला निवृत्तीपर्यंत सापडणार नाही.

दुसरी माझ्या धंद्यातली. आमची भट्टी पहाटे पेटते तेव्हा अख्ख्या गल्लीत एकट्या आमच्या धुराड्यातून धूर येत असतो, आणि दिवाही आमच्याच खिडकीत. संध्याकाळी मात्र घरोघरची धुराडी चालू. तुझ्या त्या थंडगार बाजूला किती धुराडी आहेत आणि किती धूर सोडताहेत, मोजून कळव. मोजण्यात तू पटाईत आहेस, हे एव्हाना इथल्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं आहे.

जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते न मोजता घे.
तुझी
ताई


शनिवार, १७ नोव्हेंबर. सकाळचे सात दहा.
खोलीवर, दूध तापायची वाट बघत.

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि. नोकरी आहे. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील.

काल बाई आल्या. तू सांगितलंस तसं मी दारातच गाठलं. आठ दिवस पाठ केलेलं भाषण ऐन वेळी पळालं आणि तोंडातून एवढंच बाहेर पडलं, की बाई, मी हात केला. बाईंनी मागे वळून रस्त्यावर पाहिलं आणि विचारलं, कोणाला?

मग त्यांना आत नेऊन दाखवलं. भिंग घेऊन एक तास दहा मिनिटं त्या चित्रासमोर बसल्या. मी तेवढा वेळ भिंतीला टेकून होतो, आणि भिंतीचा रंग माझ्या शर्टाला लागला आहे. शेवटी त्यांनी विचारलं, वापरलेला कापूस कुठे टाकलास? मी म्हटलं, टाकला नाही. बरणी पुढे केली. त्यांनी दोनशे शहाऐंशी बोळे पांढऱ्या कागदावर ओतले आणि चिमट्याने एकेक उलटून पाहिला. सगळे पिवळे-तपकिरी. निळा एक नाही, काळा एक नाही. म्हणाल्या, वॉर्निशच निघालं आहे, चित्राचा रंग एक कणही गेला नाही. मग बसल्या जागी मला धुतलं. चिठ्ठीतला शब्द कळला नाही तर विचारायचं असतं, असं म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मला तो कळला होता. म्हणाल्या, तोच तर घोटाळा आहे.

यापुढे बाटली कुलपात राहील आणि मी बाईंसमोरच कापूस हातात धरीन. पण उरलेलं काम आम्ही दोघं मिळून करणार.

आता तुझी धुराडी. साफ भागात नऊ आहेत आणि धूर एकाच्याच वर आहे. खिडकीतला दिवा त्याच घराचा. मी धावत बाईंना सांगितलं. त्यांनी मोजून पाहिलं, नऊ-एक कबूल केलं, पण म्हणाल्या, एका धुरावरून अख्खी सकाळ उभी करता येत नाही. हा निळा उजेड सूर्य उगवायच्या आधीचा असेल किंवा मावळल्यानंतरचा. संग्रहालयाच्या साहेबांना नव्या वर्षात चित्र टांगायचं आहे आणि पुरावा नसेल तर पाटी जुनीच राहील. ती पाटी माझ्याच अक्षरातली, 'संध्याकाळचा रस्ता'. मी इथे केलेलं पहिलं काम. त्यातला अनुस्वार मी कोशात दोनदा तपासला होता. संध्याकाळ खरी की खोटी, हे तपासायचं मात्र सुचलं नाही.

बाईंनी मग विचारलं, की या चित्राकडे सगळ्यांत जास्त वेळ कोणी पाहिलं आहे? मी बाबांचं नाव सांगितलं. म्हणाल्या, मग त्यांना विचार. ताई, ज्यांची संध्याकाळ मी नेली, त्यांनाच साक्षीला कोणत्या तोंडाने बोलवू? सकाळ ठरली तर तो माणूस घरी निघालेलाच नाही आणि ती बायको त्याची वाट बघतच नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखव किंवा दाखवू नकोस. मी ठरवू शकत नाही, म्हणून तुझ्यावर ढकलतो आहे, हे मला कळतं आहे.

दूध उतू गेलं.

लोभ पूर्वीइतका, राग सवडीने करावा.
तुझा
धाकटा


गुरुवार, २२ नोव्हेंबर

चि. धाकट्यास अ. आ.

अक्षर मोठं आहे कारण बारीक मला दिसत नाही. ताईला सांगून लिहून घेतलं असतं, पण ती तुझ्या बाजूने लिहिते.

मी रुसलो होतो. तेरा दिवस. ताई म्हणते हे वय आहे का. मी म्हटलं याच वयात सवड मिळते.

भिंतीकडे तोंड करून बसलो की विचार होतो. मला ते चित्र संध्याकाळचं का वाटलं, ते आठवत होतो. कोणी सांगितलं नव्हतं. पाटी तर तू परवा लिहिलीस, मला विचारून. दिवसभर माझं लक्ष पाहुण्यांच्या हातांकडे असायचं. पोरं चौकटींना बोटं लावतात. चित्राकडे नीट बघायला मिळायचं ते शेवटची घंटा झाल्यावर, दालन रिकामं झालं की. तेव्हा माझे बूट चावत असायचे. कधी घरी जातो असं व्हायचं. मला जायचं होतं म्हणून मी त्यालाही घरी पाठवला. त्याला विचारलं नाही.

आता एक सांगतो ते बाईंना सांग. अठ्ठावीस वर्षं मी दालनाच्या फरशीवरून वेळ ओळखली. घड्याळ साहेबांच्या खोलीत असायचं. सकाळी फरशी पुसून झाली की पहिला माणूस येतो, त्याची एकट्याची पावलं उठतात. शेवटी येणाऱ्याची उठत नाहीत, तोपर्यंत सगळी मिसळून चिखल झालेला असतो. त्या चित्रात रस्ता ओला आहे. त्याच्यावर किती जणांची पावलं आहेत? मला कधी दिसली नाहीत, खाली फार पिवळं होतं. ती तू राखलेली पट्टी पुसून बघ. आधी बाईंना विचार. चार इंच म्हणजे किती, तेही विचार.

एकट्याचीच असतील तर तो कामावर निघाला आहे. मग अठ्ठावीस वर्षं मी त्या गरिबाला हजेरी लागायच्या आधीच घरी पाठवत होतो. मला तसं कोणी एक दिवससुद्धा पाठवलं नाही.

काय निघेल ते खरं कळव. गोड करू नकोस.
तुझे
बाबा


शुक्रवार, ३० नोव्हेंबर. सकाळचे अकरा वीस.
कार्यशाळेत. बाई चहा पिताहेत, बाटली त्यांच्यासमोर आहे.

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बाईंनी दोनदा वाचलं आणि खालची पट्टी आधी घ्यायची ठरवली. चार दिवस लागले. प्रत्येक इंचाला मी परवानगी विचारली. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, की इतकंही विचारू नकोस.

रस्त्यावर एकाच माणसाची पावलं आहेत. ओल्या दगडांवर बुटाएवढे फिकट ठसे, एकाआड एक, खालच्या कडेपासून निघून थेट त्याच्या टाचेपर्यंत जातात. ठसे सतरा आहेत. दुसरं पाऊल नाही, गाडीच्या चाकाची रेघ नाही, घोड्याचा खूर नाही. बाईंनी भिंग खाली ठेवलं. म्हणाल्या, तीस वर्षं हे काम करते आहे, पण फरशी बघत बसणाऱ्याच्या नजरेने मी कधी रस्ता पाहिला नाही. त्यांनी अहवालात तसं लिहिलं आहे, आणि पुरावा कोणी सुचवला त्या जागी तुम्ही आहात. हुद्दा लिहायचा होता. मी सांगितला, 'दालनाचे पहारेकरी'. पहारेकरीतला री दीर्घ, मी तपासला.

नवी पाटी लिहिली. 'सकाळचा रस्ता'. जुनी शुद्धलेखनात अचूक होती, फक्त बारा तास चुकली होती.

बाबा, गोड करू नकोस म्हणालात म्हणून सरळ लिहितो. तुमचा माणूस घरी निघालेला नाही. तो दिवा त्याच्यासाठी नाही. एवढं मोठं तुमचं काही मी आजवर मोडलं नव्हतं, लहानपणी मोडलेला तुमचा चष्मा धरूनसुद्धा. चित्र जानेवारीत परत तुमच्या दालनात लागेल. तुम्ही बघायला यावं असं मला फार वाटतं. पण त्या डोळ्यांनी आलात तर तुम्हाला सकाळ दिसणार नाही, आणि मी पुसलं काय नि नाही काय, सारखंच होईल.

आपल्या पायांवर डोकं, आणि डोळ्यांचं काय ते आपण ठरवावं.
आपला
धाकटा


रविवार, १३ जानेवारी. रात्रीचे आठ पाच.
खोलीवर. बाबा पलंगावर झोपले आहेत, मी जमिनीवर बसून लिहितो आहे.

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप पोहोचले, त्यांना सोडून भाऊजी परत निघाले. तू दिलेले पाव भाऊजींनी गाडीतच निम्मे संपवले, हे तुला कळावं अशी बाबांची इच्छा आहे. ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याची काळजी करू नकोस, औषधाचे थेंब मी घड्याळ लावून घालतो आहे. एक थेंब म्हणजे किती, हे तू लिहिलेल्या कागदावरून नीट समजून घेतलं आहे.

आज दुपारी त्यांना संग्रहालयात घेऊन गेलो. त्यांनी नोकरीतले बूट घातले होते. चावतात म्हणून तक्रार करत होते, पण काढले नाहीत. दालनात नवा पहारेकरी आहे, त्याने ओळख नसताना स्टूल सोडलं. बाबा बसले नाहीत. चित्रासमोर नेहमीच्या अंतरावर उभे राहिले आणि काळा चष्मा काढला.

मी त्यांच्याकडे बघत होतो, चित्राकडे नाही. मग म्हणाले, केवढी थंडी आहे रे, याने मफलर घ्यायला हवा होता. मग खाली वाकून ते सतरा ठसे बोटाने, हवेतच, मोजले. म्हणाले, बरोबर आहे, कामावरच निघालाय, उशीर झालेला दिसतो, पावलं लांब पडली आहेत. खिडकीतल्या दिव्याकडे बोट करून म्हणाले, आणि ही आपली ताई. भट्टी पेटवून बसली आहे.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि नुसत्या डाव्याने पाहिलं. जुना डोळा, मोतीबिंदू न काढलेला. आणि ताई, ते हसले. हात बदलला, उजव्याने पाहिलं. परत डाव्याने. परत उजव्याने. इतक्या वेळा केलं की तो नवा पहारेकरी जवळ आला आणि डोळ्यात काही गेलं का म्हणून विचारू लागला. बाबा त्याला म्हणाले, गेलं नाही, आहे अजून. उजव्याने बघितलं की हा कामावर जातो, डाव्याने बघितलं की घरी. डाव्याने सगळं मधासारखं आहे, पहिल्यासारखं. त्या माणसाने भक्तिभावाने आपला एक डोळा झाकून पाहिलं. त्याला काही फरक दिसला नाही. मलाही नाही. मी दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा पाहिलं.

घंटा होईपर्यंत आम्ही तिथेच होतो. एक जोडपं आलं, तर बाबांनी त्यांना तो गृहस्थ कामावर निघाला आहे हे सांगितलं, त्याला उशीर का झाला ते सांगितलं, डब्यात काय आहे तेही सांगितलं. पाटी कोणी वाचली नाही.

परतताना मी फेब्रुवारीतल्या दुसऱ्या डोळ्याच्या तारखेचा विषय काढला. म्हणाले, डॉक्टरांना म्हणावं जरा थांबा. त्याला अजून तीन घरं जायची आहेत.

तू रागावशील. पण तारीख महिनाभर पुढे घेता आली तर बघ. मी साफ करायचं म्हणून पगार घेतो, आणि पहिल्यांदाच मला वाटतं आहे की एवढं राहू द्यावं. महिना म्हणजे तीस दिवस, हे मी आत्ताच स्पष्ट करून ठेवतो.

भाऊजींना न. सांग. तू आहेस तशीच राहा.
तुझा
धाकटा

ता. क. बाईंच्या वहीत आजची नोंद केली, ती तुलाही उतरवून पाठवतो.
चित्र: पूर्ण साफ.
बोळे: एकूण पाचशे एकोणचाळीस, बरण्या दोन.
पाटी: एक, शुद्ध.
बाकी: डावा डोळा.